लाइनआउटसाठी कॅड ड्रॉइंगमधून कोऑर्डिनेट काढताना

नाशिकला पाथर्डी फाट्याकडच्या एका साइटवर बारा फुटिंगांचे (कॉलमच्या पायांचे) खड्डे खणून झाले आणि मग मिस्त्रीने हाक मारली, "साहेब, हा आडवा कॉलम दोरीत बसत नाही." उभ्या, म्हणजे नकाशात लांब बाजू उभी असलेल्या, कॉलमांची आपसांतली अंतरं टेपने मोजली, तर तंतोतंत जुळत होती. आडवा कॉलम मात्र ३४० मिमी बाजूला. कोऑर्डिनेटचा तक्ता माझ्याच हातचा होता. कॉलमचे ब्लॉक, म्हणजे कॅडमधल्या एकसंध तयार आकृत्या, २३० बाय ४५० मिमीचे. त्यांचा इन्सर्शन पॉइंट, म्हणजे ज्या बिंदूवर ब्लॉक ड्रॉइंगमध्ये बसतो तो, मध्यात नव्हता, डाव्या खालच्या कोपऱ्यावर होता, आणि तोच मी मध्य समजून लिहिला होता. सगळे उभे कॉलम एका दिशेला ११५ आणि दुसऱ्या दिशेला २२५ मिमी सरकले होते. सगळे सारखेच सरकल्यामुळे टेपला काही कळत नव्हतं. एक कॉलम फिरवलेला होता म्हणून चूक हाती लागली. तो नसता तर इमारत तशीच वर आली असती आणि एका बाजूचं सामासिक अंतर (प्लॉटची हद्द आणि इमारत यांतली मोकळी जागा) सव्वादोनशे मिमीने कमी भरलं असतं.

लाइनआउट म्हणजे ड्रॉइंगमधल्या कॉलमच्या जागा जमिनीवर आखणं. त्यात अशी चूक होऊ नये म्हणून हा लेख लिहितोय. साइटवर येणारे बहुतेक तक्ते आतल्या आत जुळतात, पण जमिनीशी जुळत नाहीत. या दोन वेगवेगळ्या तपासण्या आहेत आणि दुसरी जवळजवळ कोणी करत नाही. खालचा क्रम ऑटोकॅडचा आहे. दुसरं कॅड वापरत असाल तर कमांडची नावं थोडी बदलतील, क्रम बदलू नका.

टप्पा १ : कोणती फाइल, कुठली प्रत

आर्किटेक्टची फाइल आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची फाइल यांत कॉलमच्या जागा पुष्कळदा वेगळ्या असतात. कॉलमचे बिंदू स्ट्रक्चरलच्या सेंटर लाइन प्लॅनवरूनच घ्या. प्लॉटची हद्द मात्र मोजणीवरून घ्या, आर्किटेक्टने अंदाजाने काढलेल्या चौकोनावरून नाही. मोजणीची क प्रत (भूमी अभिलेख खात्याचा मोजणी नकाशा) समोर ठेवा आणि निदान दोन बाजूंची लांबी ड्रॉइंगशी ताडून बघा.

मग फाइलची प्रत काढा आणि नावात रिव्हिजन नंबर आणि तारीख घाला. पुढचं सगळं काम या प्रतीवर. मूळ फाइलला हात लावायचा नाही.

पीडीएफवरून आयात केलेल्या ड्रॉइंगवरून शक्यतो काम करू नका. त्यात वर्तुळं तुकड्यांत येतात आणि कोपरे एकमेकांना नीट भिडत नाहीत. डीडब्ल्यूजी, म्हणजे मूळ कॅड फाइल, मागून घ्या. एक दिवस उशीर झाला तरी चालेल.

टप्पा २ : एकक

बिल्डिंगचं ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये, सर्व्हे मीटरमध्ये, आणि जुना लेआउट कधी कधी फुटांत. युनिट्स कमांडमध्ये जाऊन मिलिमीटरचं मीटर केलं की ड्रॉइंग बदलतं, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. त्या खिडकीतलं एकक ब्लॉक आणि बाहेरच्या फाइली आत घेताना लागतं. आधीच काढलेल्या रेषेची लांबी ४५०० असेल तर ती ४५०० च राहते. मीटर हवेत तर स्केल कमांडने ०.००१ ने लहान करावं लागतं.

तपासा: ज्याचं खरं माप तुम्हाला पक्कं माहीत आहे अशी एखादी वस्तू डिस्टने (अंतर मोजणारी कमांड) मोजा, उदाहरणार्थ २३० ची भिंत. २३० आलं तर मिलिमीटर, ०.२३ आलं तर मीटर. ९.०५५ आलं तर इंच.

युनिट्समध्येच दशांश स्थळं वाढवून ठेवा. मीटरमध्ये काम असेल तर किमान ४, मिलिमीटरमध्ये असेल तर ३. क्लिक केलेल्या बिंदूचे कोऑर्डिनेट सांगणारी आयडी कमांड आकडा दाखवताना या सेटिंगप्रमाणे गोल करते. सेटिंग शून्य स्थळांवर असेल तर मीटरच्या फाइलमध्ये ४.५०० चा कॉलम तुम्हाला पूर्णांकात दिसेल आणि तुम्ही तोच लिहून मोकळे व्हाल.

टप्पा ३ : भूमिती साफ करा

इथे लोक घाई करतात, म्हणून थोडं थांबून सांगतो.

सगळ्या लेअर चालू करा, फ्रीझ काढा, लॉक काढा. एकावर एक बसलेल्या रेषांसाठी ओव्हरकिल चालवा. मग झेड, म्हणजे उंचीचा आकडा, तपासा. सर्व्हेच्या फाइलमधून उचललेल्या रेषांना बऱ्याचदा उंची चिकटलेली असते. वरून बघताना दोन रेषा एकमेकींना छेदताना दिसतात, पण एक शून्यावर आणि दुसरी ५८० वर असेल तर इंटरसेक्शन स्नॅप (कर्सर नेमका छेदावर चिकटवणारी सोय) खरा छेद देत नाही, आणि डिस्टही तिरकं अंतर सांगते. डिस्टच्या उत्तरात डेल्टा झेड असा आकडा येतो. तो शून्य नसेल तर सगळं सपाट करणारी फ्लॅटन चालवा, किंवा प्रॉपर्टीजमध्ये झेड शून्य करा. सर्व्हेच्या लेव्हल लागणार असतील तर त्या आधी वेगळ्या ठेवा, कारण फ्लॅटननंतर परत मिळणार नाहीत.

सावध: डायमेन्शनवर लिहिलेला आकडा आणि रेषेची खरी लांबी या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. शेवटच्या क्षणी माप बदललं की काही जण रेषा हलवत नाहीत, नुसता आकडा पुसून नवा टाइप करतात. कागदावर ३००० दिसतं आणि खाली रेषा २९८५ ची असते. तुम्ही भूमितीवरून कोऑर्डिनेट काढणार, म्हणजे २९८५ च उचलणार. म्हणून प्रत्येक ग्रिडमधलं (कॉलमच्या मध्यरेषांमधलं) अंतर एकदा डिस्टने मोजा आणि लिहिलेल्या मापाशी ताडा. फरक निघाला तर स्वतः ठरवू नका, इंजिनिअरला फोन करा.

टप्पा ४ : शून्य कुठे

शून्य अशा जागी हवं जी साइटवर प्रत्यक्ष सापडते. ग्रिड ए आणि ग्रिड १ यांचा छेद हा कागदावर सोयीचा असतो, पण जमिनीवर तिथे माती असते. मी प्लॉटचा कोपऱ्याचा दगड किंवा पक्क्या कंपाउंडचा कोपरा धरतो आणि त्याच्या सापेक्ष ग्रिडचा छेद कुठे येतो ते तक्त्याच्या पहिल्या ओळीत लिहितो.

फाइल स्थानिक मापांची असेल, म्हणजे तिला सर्व्हेचे खरे कोऑर्डिनेट नसतील, तर प्रतीमध्ये सगळं ड्रॉइंग उचलून शून्यावर आणा. मूव्ह कमांड घ्या, ऑल निवडा, कोपरा पकडा आणि दुसरा बिंदू टाइप करा.

सावध: डायनॅमिक इनपुट (कर्सरशेजारी आकडे टाइप करायची सोय) चालू असताना दुसऱ्या बिंदूला ०,० टाइप केलं तर ऑटोकॅड ते आधीच्या बिंदूच्या सापेक्ष धरतं, आणि ड्रॉइंग जागचं हलतच नाही. #०,० असं टाइप करा, किंवा एफ१२ दाबून डायनॅमिक इनपुट बंद करा. शिवाय ऑलमध्ये फ्रीझ आणि लॉक केलेल्या लेअरवरच्या वस्तू येत नाहीत. टप्पा ३ मध्ये लॉक काढलं नसेल तर अर्धं ड्रॉइंग हललं आणि अर्धं जुन्या जागी राहिलं, असं होतं.

फाइलला सर्व्हेचे खरे कोऑर्डिनेट असतील तर ती अजिबात हलवू नका. तिथे यूसीएस, म्हणजे तुम्ही स्वतः ठरवलेले अक्ष, वापरा: यूसीएस, ओरिजिन, कोपऱ्यावर क्लिक, आणि ग्रिड तिरकं असेल तर एक्सची दिशा ग्रिडवर पकडा. आयडी, लिस्ट (वस्तूची माहिती देणारी कमांड) आणि ऑर्डिनेट डायमेन्शन या तिन्ही चालू यूसीएसप्रमाणे आकडे देतात. डेटा एक्स्ट्रॅक्शन (बिंदूंचा तक्ता आपोआप काढणारी सोय) मात्र वर्ल्डचे, म्हणजे फाइलच्या मूळ अक्षांचे, आकडे देतं. एकाच तक्त्यात अर्धे आकडे आयडीचे आणि अर्धे एक्स्ट्रॅक्शनचे मिसळले की पुढचा गोंधळ शोधायला दिवस जातो.

तपासा: आयडी द्या आणि शून्य ठरवलेल्या कोपऱ्यावर क्लिक करा. एक्स, वाय, झेड तिन्ही शून्य आले पाहिजेत. ०.००२ आलं तरी पुढे जाऊ नका.

टप्पा ५ : स्नॅप

एंडपॉइंट, इंटरसेक्शन, सेंटर एवढे पुरेत. निअरेस्ट बंद करा. ते चालू असेल तर कर्सर रेषेवर कुठेही चिकटतो, तुम्हाला कोपरा पकडल्यासारखा वाटतो आणि बिंदू तीन मिलिमीटर अलीकडे पडतो. एफ९ ची ग्रिड स्नॅपही बंद. बाकीचे स्नॅप लागतील तेव्हा शिफ्ट दाबून उजवं क्लिक करा आणि तेवढ्यापुरते घ्या.

टप्पा ६ : आधी बिंदू ठेवा, मग वाचा

आयडी घ्यायचा, आकडा बघायचा, वहीत लिहायचा, पुढच्या कॉलमकडे जायचं, ही सवय सोडा. चाळीस कॉलममध्ये एखादा आकडा उलटा लिहिला जातोच, आणि नंतर तुम्ही नक्की कुठे क्लिक केलं होतं याचा पुरावा उरत नाही. त्याऐवजी एक नवी लेअर करा, पीडीमोड ३ करा म्हणजे बिंदू फुलीसारखे दिसतील, आणि प्रत्येक जागी पॉइंट ठेवा. मूळच्या सेटिंगमध्ये बिंदू एवढा बारीक असतो की रेषेखाली दिसतच नाही. सगळे ठेवून झाले की बाकीच्या लेअर मंद करून नुसत्या फुल्या बघा. चुकलेली फुली डोळ्यांना लगेच खुपते.

बिंदू कशावरून काढायचा हे भूमितीप्रमाणे बदलतं.

आयताकृती कॉलम बंद पॉलीलाइन असेल तर जिओमेट्रिक सेंटर स्नॅप घ्या. हा स्नॅप २०१६ च्या आवृत्तीपासून आहे. जुनी आवृत्ती असेल, किंवा चार सुट्या रेषा असतील, तर एमटूपी टाइप करून समोरासमोरचे दोन कोपरे पकडा, मध्य मिळतो.

ब्लॉक असेल तर लिस्टने किंवा एक्स्ट्रॅक्शनने मिळणारा आकडा इन्सर्शन पॉइंटचा असतो. तो मध्य आहे की नाही, हे एक ब्लॉक मोठा करून डोळ्यांनी बघा. माझा गोंधळ इथेच झाला होता. बेस पॉइंट कोपऱ्यावर असेल तर आकड्यांत ११५ आणि २२५ मिळवत बसू नका. फिरवलेल्या ब्लॉकला ते उलटे लागतात. सरळ एमटूपीने प्रत्येक कॉलमचा मध्य घ्या.

गोल केलेला कोपरा असेल आणि कागदावर माप मूळ टोकदार कोपऱ्यापर्यंत दिलेलं असेल, तर दोन्ही रेषांच्या प्रती वेगळ्या लेअरवर घ्या आणि शून्य त्रिज्येने फिलेट करा. टोक मिळतं.

कमानीवर, म्हणजे वळणाच्या कंपाउंडवर किंवा अंतर्गत रस्त्यावर, बिंदू पेरायचे असतील तर डिव्हाइड किंवा मेजर. डिव्हाइडमध्ये १० भाग सांगितले तर मोकळ्या रेषेवर ९ बिंदू पडतात, दोन्ही टोकं स्वतः टाकावी लागतात. मेजर तुम्ही ज्या टोकाजवळ क्लिक कराल तिथून मोजायला लागते आणि उरलेला तुकडा दुसऱ्या टोकाला जातो. किती जवळ बिंदू हवेत? १२ मीटर त्रिज्येच्या कमानीवर १ मीटरवर बिंदू घेतले तर दोन बिंदूंमधली सरळ दोरी आणि खरी कमान यांत मधोमध सुमारे १० मिमी फरक पडतो. २ मीटरवर घेतले तर ४२ मिमी. प्लास्टरमध्ये १० लपतात, ४२ लपत नाहीत.

स्प्लाइन दिसली तर लिस्टमधले कंट्रोल पॉइंट घेऊ नका. टोकांचे दोन सोडले तर ते वक्रावर नसतातच.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत जॉबवर (मशीनवर बसवलेल्या तुकड्यावर) काम करणाऱ्यांसाठी

हेच सगळं व्हीएमसीच्या (संगणकाने चालणाऱ्या मिलिंग मशीनच्या) ड्रिलिंगला लागू आहे, फक्त शून्य जॉबच्या त्या कडेवर किंवा बोअरच्या मध्यावर हवं जिथे ऑपरेटर एज फाइंडर लावून जी५४, म्हणजे मशीनसाठी जॉबचं शून्य, सेट करणार आहे. ड्रॉइंगच्या शीटचा कोपरा किंवा टायटल ब्लॉक यांचा संबंध नाही. पीसीडी म्हणजे भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, हे पुन्हा एकदा बघा. पीसीडी १२०, सहा भोकं, पहिलं एक्स अक्षावर: ६०,० मग ३०,५१.९६२ मग -३०,५१.९६२ मग -६०,० आणि खालची दोन तशीच वाय उणे करून. सारख्या अंतरावरच्या भोकांचे सगळे एक्स मिळवले तर बेरीज शून्य, सगळे वाय मिळवले तरी शून्य. शून्य कोपऱ्यावर असेल तर सरासरी मध्याच्या कोऑर्डिनेटएवढी येते. बेरजेला अर्धं मिनिट लागतं आणि तक्त्यात हातून झालेली चूक त्यात लगेच सापडते.

टप्पा ७ : स्थानिक ड्रॉइंग सर्व्हेवर बसवणं

टोटल स्टेशनवाला (मोजणीयंत्राने जमिनीवर बिंदू आखणारा सर्व्हेयर) यूटीएमचे, म्हणजे झोन पाडलेल्या जागतिक नकाशा पद्धतीचे, कोऑर्डिनेट मागत असेल तर हा टप्पा लागेल. नाशिक झोन ४३ मध्ये येतं. शहरातल्या बिंदूचा पूर्वेचा आकडा साधारण पावणेचार लाख मीटरच्या आसपास आणि उत्तरेचा बावीस लाखांच्या पुढे असतो. याच्याशी अजिबात न जुळणारे आकडे आले तर झोन, एकक किंवा रकान्यांचा क्रम चुकलाय.

अलाइन कमांडने ड्रॉइंगचे दोन बिंदू सर्व्हेच्या दोन बिंदूंवर ठेवा. शेवटी ती विचारते की या बिंदूंप्रमाणे स्केल करायचं का. उत्तर नाही. हो म्हटलंत तर पूर्ण इमारत लहान-मोठी होते, कॉलममधली अंतरं ४.५०० ऐवजी ४.४९९ वगैरे होतात आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

मग दोन बिंदूंमधलं अंतर जुळत का नाही? कारण यूटीएमचं अंतर आणि जमिनीवर टेपने मोजलेलं अंतर एक नसतं. नाशिक झोनच्या मध्यरेषेपासून, म्हणजे ७५ अंश रेखांशापासून, सव्वाशे किलोमीटर पश्चिमेला आहे आणि समुद्रसपाटीपासून जवळजवळ सहाशे मीटर उंच. दोन्ही मिळून १०० मीटरमागे सुमारे ३ सेंटीमीटर यूटीएमचं अंतर कमी भरतं. छोट्या प्लॉटवर ते जाणवत नाही, मोठ्या लेआउटवर किंवा शेडवर जाणवतं. अशा वेळी एक कोपरा आणि एक दिशा तेवढी यूटीएमवरून घ्या, बाकी मापं जमिनीवरची ठेवा, आणि तसं तक्त्यावर लिहा.

टप्पा ८ : तक्ता

डेटा एक्स्ट्रॅक्शनमध्ये फक्त पॉइंट निवडा, पोझिशन एक्स आणि वाय घ्या, सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे करणारी फाइल) काढा. पहिला आणि शेवटचा बिंदू आयडीशी ताडा. त्यासाठी आधी यूसीएस वर्ल्डवर आणा, नाहीतर फिरवलेल्या यूसीएसमध्ये दोन आकडे जुळायचेच नाहीत. एक्स्ट्रॅक्शन बिंदूंना नावं देत नाही. नावं तुम्ही द्याल, तेव्हा ड्रॉइंगवर प्रत्येक फुलीशेजारी तेच नाव लिहा आणि प्रिंट तक्त्याला जोडा.

एक्सेलच्या दोन खोड्या. बिंदूचं नाव ३-४ असं दिलंत तर एक्सेल त्याची तारीख करतं. सी३४ द्या. आणि आकड्यांत हजार-लाखाचे स्वल्पविराम घालू नका, सीएसव्हीमध्ये एका आकड्याचे तीन रकाने होतात.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक. कॅडमध्ये एक्स म्हणजे पूर्व आणि तो आधी येतो. टोटल स्टेशनमध्ये बहुतेक वेळा उत्तर आधी घेतात. रकाने उलटे गेले तर इमारत आरशातल्यासारखी उलटी बसते. आणि आपसांतली सगळी अंतरं जुळतात, कर्णही जुळतात. कॉलमांमध्ये टेप कितीही फिरवा, चूक सापडणार नाही. रकान्यांच्या डोक्यावर एक्स, वाय लिहू नका. पूर्व आणि उत्तर असं लिहा.

टप्पा ९ : चुना टाकण्याआधी

आधी आतली तपासणी. तक्त्यातले कोणतेही दोन बिंदू घ्या, पूर्वेचा फरक आणि उत्तरेचा फरक यांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढा. ४.५०० आणि ६.००० च्या चौकटीचा कर्ण ७.५०० आलाच पाहिजे. प्रत्येक वेगळ्या आकाराच्या कॉलमचा आणि प्रत्येक फिरवलेल्या कॉलमचा निदान एक कर्ण बघा.

मग बाहेरची. यात तीन गोष्टी, तिन्ही ड्रॉइंग न उघडता, नुसता तक्ता आणि मंजूर नकाशा हातात घेऊन साइटवर करायच्या. प्लॉटच्या दोन वेगळ्या कोपऱ्यांपासून एकाच कॉलमचं अंतर काढा आणि टेपने मोजा. सी१ वर उभे राहून सी२ कडे तोंड करा आणि सी३ डाव्या हाताला येतो की उजव्या, हे मंजूर नकाशाशी ताडा. रकाने उलटे गेले असतील तर ते इथेच कळतं. आणि चारही बाजूंचं सामासिक अंतर कॉलमच्या बाहेरच्या कडेपासून मोजा, मध्यापासून नाही. २३० च्या कॉलमला तेवढ्यानेच ११५ मिमीचा फरक पडतो.

सर्व्हेयरला टोटल स्टेशन दुसऱ्या ठिकाणी लावून दोन कॉलम पुन्हा घ्यायला सांगा. दोन्ही वेळची खूण ५ मिमीच्या आत आली की खुंट्यांवर खिळे ठोका, तक्त्यावर रिव्हिजन नंबर लिहून मिस्त्रीची सही घ्या आणि मगच जेसीबी आत येऊ द्या.